पंप नव्हता त्या दिवशीची मोजणी

माझी मुलगी शाळेत असताना तिला वडिलांच्या कामाबद्दल दहा ओळी लिहायच्या होत्या. शाळा हिंदी. तिनं पहिलीच ओळ लिहिली, ‘मेरे पिताजी तेल में धूल गिनते हैं.’ मॅडमनी वहीत लाल शाईनं लिहून पाठवलं, ‘घर में ठीक से पूछकर आओ.’ मग मी तिला नीट समजावून सांगायला बसलो. अर्धा तास बोललो. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे धूळच मोजता ना?” मी म्हटलं, हो, धूळच.

भिलाईत हे सांगितलं की लोक हसतात. इथं धूळ मोजायला माणूस कशाला लागतो? जामुलकडून वारा आला तर दोरीवरच्या कपड्यांवर सिमेंटची राखाडी बसते, प्लांटकडून आला तर तांबडी. आमची ही रोज सकाळी खिडकीच्या गजांवरून फडकं फिरवते आणि मला दाखवते, “घ्या, मोजा.” पण मी मोजत होतो ती धूळ डोळ्यांना दिसत नाही. दिसली असती तर पुढचं सारं घडलंच नसतं. की तरीही घडलं असतं? तेही मला आता खात्रीनं सांगता येत नाही.

भिलाईच्या आसपास लहान-मोठे कितीतरी कारखाने आहेत. त्यांतल्या एकाच्या तेल-प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काढली. कुठला कारखाना ते लिहीत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात मला ओळखणाऱ्यांना ते ठाऊकच आहे.

आधी काम काय ते सांगतो. कारखान्यातली मोठी यंत्रं तेलाच्या दाबावर हलतात. लाल तापलेल्या पोलादाचा पत्रा दोन रुळांमधून लाटला जातो, तेव्हा वरचा रूळ किती खाली यायचा हे तेल ठरवतं. त्या तेलाला वाट देणारा एक व्हॉल्व्ह असतो, सर्व्हो व्हॉल्व्ह म्हणतात त्याला. दिसायला मुठीएवढा, पण आत एक दांडी इतकी अचूक बसवलेली असते की तिच्या भोवतीची फट केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. त्या फटीत वाळूचा बारीक कण गेला की दांडी अडकते. दांडी अडकली की रूळ मनाला येईल तिथं थांबतो, आणि मग पुढं काय होईल ते त्या रुळालाच माहीत. म्हणून तेलात कण किती आणि केवढे, हे आधी मोजायचं. माप मायक्रॉनमध्ये. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. आम्हाला काळजी पाच मायक्रॉनची आणि पंधराची.

मी लागलो तेव्हा ही मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली व्हायची. तेल बारीक जाळीच्या कागदातून गाळायचं आणि कागदावरचे कण डोळ्यांनी मोजायचे. एका नमुन्याला अर्धा दिवस लागे आणि संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना रस्त्यावरही ठिपके दिसत. ऐंशीच्या पुढं कधीतरी काउंटर आला. परदेशी, पेटीएवढा. तेल एका अरुंद काचेच्या वाटेतून जातं, एका बाजूनं उजेड, दुसऱ्या बाजूला डोळा. कण गेला की सावली पडते. सावली मोठी तर कण मोठा. यंत्र सावल्या मोजतं आणि दोन मिनिटांत आकडे छापून देतं. त्या आकड्यांवरून तेलाचा वर्ग ठरतो. वर्ग जितका खालचा तितकं तेल साफ. आमच्या मिलला, म्हणजे त्या पत्रा लाटणाऱ्या यंत्राला, सातपर्यंत चालायचं.

पण सावलीवर नाव लिहिलेलं नसतं. वाळूची सावली, गंजाची, पाण्याच्या थेंबाची, हवेच्या बुडबुड्याची, यंत्राला सगळ्या सारख्याच. एका पावसाळ्यात एका क्रेनचं तेल दर आठवड्याला घाण दिसे. तिथले फोरमन तिवारीजी मोठे जिद्दी. त्यांनी तीनदा फिल्टर बदलले, चौथ्यांदा बाटली माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, “बोरकर, अब क्या फिल्टर में फिल्टर लगाऊँ?” मी बाटली उजेडासमोर धरली. तेल ताकासारखं पांढुरकं. टाकीच्या झाकणातून पाणी शिरत होतं आणि यंत्र थेंब मोजत होतं. झाकण बदललं, तेल साफ. तिवारीजी मग वर्षभर मला ‘पानीवाले बाबा’ म्हणत.

नमुने कशात येतील याचाही नेम नव्हता. आम्ही धुऊन, गाळलेल्या द्रावणानं खळबळून बाटल्या पाठवायचो. त्या पोचेपर्यंत कुणी त्यात पाणी प्यायलेलं असे, कुणी तिळाचं तेल घरी नेलेलं असे. एकानं नमुना आणला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. वर मला म्हणाला, एकदम साफ आहे साहेब, सूती वेस्टनं आतून पुसून काढली. सूती वेस्ट म्हणजे सुताच्या गुंत्याचे बोळे. त्या एका बाटलीत मी जितके तंतू पाहिले तितके गोधडीतही नसतील.

आता कॅलिब्रेशन. माझी खरी नोकरी ती. काउंटर काही दिवसांनी बहकतो. दिवा मंदावतो, काच धुरकटते. मग पाचच्या कणाला तो चार म्हणतो किंवा सहा. म्हणून दर सहा महिन्यांनी त्याला पुन्हा शिकवायचं. कसं? तर ज्यातले कण आधीच मोजलेले आहेत अशी धूळ त्याला दाखवून. ती धूळ अमेरिकेतून यायची, तिकडच्या वाळवंटातली, चाळून-वारून, सीलबंद बाटलीत, प्रमाणपत्रासकट. साऱ्या जगातले काउंटर याच धुळीवर शिकत होते. सीमाशुल्काच्या माणसानं एकदा कागदावरचं वर्णन वाचून फोन केला होता, “धूल ही लिखा है ना? ग़लती तो नहीं?”

ही धूळ साफ तेलात कालवायची. एका मिलिलिटरमध्ये पाच मायक्रॉनच्या वरचे कण किती ते प्रमाणपत्रावर असतं. ते तेल यंत्रातून सोडायचं आणि यंत्राची बटणं तोवर फिरवायची जोवर त्याचा आकडा प्रमाणपत्राच्या आकड्याला भिडत नाही. वाचायला सोपं वाटतं. अडचण अशी की धूळ तळाशी बसते, म्हणून बाटली जोरात हलवावी लागते. हलवली की तेलात हवेचे बारीक बुडबुडे होतात, आणि यंत्र ते बुडबुडेही कण म्हणून मोजतं. म्हणून हलवल्यावर बाटली व्हॅक्यूम पंपाला लावायची. पंप हवा ओढून घेतो, बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि मग लगेच, धूळ खाली बसायच्या आत, मोजणी करायची.

पंप न लावता मोजलं तर काय होतं, ते वाचकांनी एवढं लक्षात घ्यावं. बुडबुडे मिळून आकडा फुगतो. आपल्याला वाटतं यंत्र जास्त मोजतंय. आपण बटण फिरवून त्याची नजर जाड करतो, म्हणजे बारीकसारीक त्यानं सोडून द्यावं. पुढं खरं तेल त्यातून गेलं की ते खरे कणही सोडून देतं. घाण तेल साफ दिसतं.

त्या वर्षी मिलचं मोठं शटडाउन होतं. सगळे पाइप उघडलेले, जोडलेले, आणि शेवटी तेल फिरवून फिरवून सारी व्यवस्था धुऊन काढायची होती. त्याला फ्लशिंग म्हणतात. ते काम नामदेव भोयर यांच्याकडं होतं. हायड्रॉलिकचे फिटर. त्यांचं गाव तिरोड्याकडचं, माझ्या गावापासून दोन कोसांवर. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना नामदेवभाऊ म्हणायचो आणि ते मला गजानन. राहायला खुर्सीपारला. शिक्षण सातवी, पण व्हॉल्व्ह उघडायचा तर साहेब लोक त्यांनाच बोलवायचे. त्या वर्षी त्यांचं नाव चार्जमनच्या, म्हणजे बढतीच्या, यादीत होतं. त्यांच्या मंडळीनं, वहिनींनी, आमच्या हिला सांगूनही ठेवलं होतं की यादी लागली की सत्यनारायण घालणार.

काउंटरच्या कॅलिब्रेशनची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. पंप वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला गेलेला. आमचे साहेब नायर केरळला रजेवर. मिलमधून दिवसातून तीनदा फोन, रिपोर्ट कधी देता, मिल सुरू करायची आहे. मी बाटली हलवली आणि टेबलावर ठेवून दिली. बुडबुडे जाऊ देत म्हटलं. किती वेळ थांबायचं? जास्त थांबलो तर धूळ बसेल, कमी थांबलो तर हवा राहील. पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, कारण पुस्तकात पंप होता. मी बाटली उजेडासमोर धरली, बुडबुडा दिसेना, तेव्हा मोजलं. पण मीच वर लिहिलंय ना, की आम्ही मोजतो ते डोळ्यांना दिसत नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, की सुचली आणि मी सोडून दिली, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे.

रजिस्टरात रकाने होते. धुळीचा क्रमांक, वेळ, तापमान, व्हॅक्यूम. व्हॅक्यूमच्या रकान्यात बरोबरची खूण करायची. वरपासून खालपर्यंत सगळ्या खुणा माझ्याच हाताच्या होत्या. मी तिथंही बरोबरची खूण केली आणि सही केली. विचार करून केली नाही. पण हात कुणाचा होता, माझाच ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या तेलाचा नमुना यंत्रातून काढला. वर्ग सहा. साफ. मी रिपोर्ट लिहीत होतो तेवढ्यात नामदेवभाऊ तो न्यायला आले. हातात एक छोटी बाटली. टेबलाजवळ उभं राहून त्यांनी त्यातलं तेल बोटावर घेतलं आणि अंगठ्यानं चोळलं.

“गजानन, हे पाय बरं. कचकच लागून राहिलं.”

“मशीन सहा सांगते, नामदेवभाऊ. साफ हाय.”

“तुही मशीन सांगत असन. अजून एक शिफ्ट फिरवू दे तेल. तू लिहून देशीन तं साहेब मानते, माहं नाही मानत.”

“सहा आल्यावर मी कसं लिहून देऊ? अन् पाच मायक्रॉन बोटाले समजते का?”

“मायक्रॉन मले नाही समजत गा. कचकच समजते.” त्यांनी पुन्हा चोळलं. “लागते म्हणजे लागते.”

मी हसलो. वाईट हेतूनं नाही, पण हसलो. रिपोर्टवर सही केली आणि त्यांच्या हातात दिला. ते तो घडी करून खिशात ठेवून म्हणाले, “बरं बावा. तुही सही हाय.” आणि गेले. त्याच दिवशी त्यांनी व्हॉल्व्ह बसवले.

मिल सहा दिवस चालली. सातव्या दिवशी व्हॉल्व्ह अडकला, रूळ एका बाजूनं खाली आला, आणि लाल पत्रा वाट सोडून दुमडत उभा राहिला. कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार. पण मिल बंद, मोठे साहेब खाली आलेले, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर आत वाळूचे कण.

चौकशीचा तर्क सरळ होता. रिपोर्टप्रमाणे तेल साफ. म्हणजे कण तेलातून आलेले नाहीत. म्हणजे व्हॉल्व्ह बसवताना आत गेले. व्हॉल्व्ह बसवला कुणी? त्यातच असं निघालं की बसवताना पुसायला जे बिनतंतूचं कापड वापरायचं ते स्टोअरमध्ये संपलं होतं आणि नामदेवभाऊंनी जुन्या लुगड्याची धुतलेली चिंधी वापरली होती. त्यांनी स्वतःच ते कबूल केलं.

मलाही बोलावलं. खोलीत मिलचे साहेब, पर्सोनेलचे एक अधिकारी, आणि नामदेवभाऊ. साहेबांनी विचारलं, “बोरकर, भोयर कह रहा है कि इसने आपको बताया था, तेल में कचरा है. बताया था?”

मला सगळं आठवत होतं. बोट, अंगठा, त्यांचे शब्द. पण मनात असा विचार आला की हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, मग आपने क्या किया? मग काउंटर, मग कॅलिब्रेशन, मग रजिस्टर. मी म्हटलं, “याद नहीं है, साहब.”

नामदेवभाऊंना वाटलं मला खरंच आठवत नाही. ते मदत करावी तसे पुढं वाकून म्हणाले, “गजानन, आठव ना गा. तू रिपोर्टवर सही करून राहिला होता तवा. म्या दोनदा सांगतलं.”

साहेब म्हणाले, “हिंदी में बोलिए.”

ते गप्प झाले. हिंदी त्यांना येत होती. तरी गप्प झाले.

चार्जमनच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. हायड्रॉलिकमधून काढून त्यांना स्क्रॅप यार्डात पाठवलं. तिथं व्हॉल्व्ह नाहीत, तुटलेलं लोखंड आहे. आणि भिलाईत आपली माणसं थोडी, बातमी एका दिवसात सगळ्या सेक्टरांतून फिरते. मंडळाच्या गणपतीत नामदेवभाऊ आरतीनंतर प्रसाद वाटायला उठले, की कुणीतरी म्हणायचंच, “भोयर, हात धुऊन ये बाप्पा, नाहीतर आमचा व्हॉल्व्ह जाम होईन.” लोक हसायचे. ते पण हसायचे. दोन वर्षांनी त्यांनी प्रसाद वाटणं सोडलं. नंतर येणंही.

इथून पुढं माझा गोंधळ सुरू होतो, आणि तो अजून संपलेला नाही.

चौकशीनंतर पंधरवड्यानं पंप परत आला. मी कुणाला न सांगता पुन्हा कॅलिब्रेशन केलं. बटणं बरीच फिरवावी लागली. म्हणजे आधीची चूक होती, असं मला वाटलं. पण दिवा जुना झाला की बटणं फिरवावीच लागतात, किती फिरली म्हणजे चूक म्हणायची? मग मी मिलच्या त्या नमुन्याची राखून ठेवलेली अर्धी बाटली काढली आणि यंत्रातून सोडली. वर्ग नऊ. मग आठवलं की ही बाटली एकदा उघडलेली आहे, कपाटात पडून आहे, झाकणाची धूळ आत गेली असू शकते. म्हणून उरलेलं तेल कागदातून गाळून जुन्या पद्धतीनं सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. एकदा सात आला. पुन्हा मोजलं, आठ. सात म्हणजे चालतं, आठ म्हणजे चालत नाही. एकच तेल, एकच माणूस, सहा, नऊ, सात, आठ. आणि त्या चिंधीतून किती कण गेले असतील, ते तर कुठल्याच बाटलीत नव्हतं.

नायर साहेब परतले तेव्हा मी त्यांच्यापुढं हे आकडे ठेवले. त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस सज्जन, पण नेमका. म्हणाले, “बोरकर, चार नंबर हैं. कसम किस पर खाओगे?”

मी म्हटलं, “पता नहीं, सर.”

त्यांनी रजिस्टर मागवलं, पान उघडलं, बोट खाली आणत आणलं. “कैलिब्रेशन में तो सब ठीक लिखा है. वैक्यूम भी है. फिर पहला नंबर ही मानना पड़ेगा न?”

त्या क्षणी मी बोललो असतो तर चौकशी पुन्हा उघडली असती. मी म्हटलं, “जी सर.”

पुढची वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिलो की मला खरं काय ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना बोलायचं काय? हे खोटं नव्हतं. आकडे खरंच जुळत नव्हते. पण मी तो गोंधळ सांभाळून ठेवला, जसं कुणी पावसात छत्री सांभाळतं. संध्याकाळी वहीत आकडे मांडत बसायचो, इतके बुडबुडे धरले तर इतका फरक, तितके धरले तर तितका. आमची ही विचारायची, “कोणतं गणित मांडून राहिले तुमी? पोरीची परीक्षा तं झाली.” मी म्हणायचो, ऑफिसचं. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी काउंटर बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. ती जुनी धूळ आता बनत नाही. नवी धूळ आली आहे, आणि तिचे कण अधिक चांगल्या यंत्राखाली मोजल्यावर कळलं आहे की जुनी मापंच थोडी चुकलेली होती. ज्याला आम्ही पाच मायक्रॉन म्हणत आलो तो सहाच्या वर निघाला, आणि ज्याला पंधरा म्हणत होतो तो चौदाच्याही आत. सगळ्या जगानं आता नव्या मापानं मोजायचं.

मला लाज वाटते, पण पत्र वाचून मला आनंद झाला. वाटलं, सगळं जगच चुकत होतं तर माझं एकट्याचं काय? आठवडाभर मी त्या जुन्या आकड्यांना नवी मापं लावून पाहिली. पाचाचे सहा होवोत नाही तर सात, बुडबुडा तो बुडबुडाच राहिला. नव्या धुळीला माझ्या पंपाशी काही घेणंदेणं नव्हतं. तेव्हा मी हिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “वहिनी रिसालीले राहाले गेल्या. पत्ता हाय माझ्यापाशी.”

नामदेवभाऊ निवृत्त होऊन रिसालीला मुलानं बांधलेल्या घरात राहत होते. मी गेलो तेव्हा अंगणात कूलरचा पंप उघडून बसले होते. वहिनींनी पाणी आणलं, मला ओळखलं, आणि लगेच आत गेल्या. मी वही काढली. चार आकडे, बुडबुडे, पत्र, नवी धूळ, सगळं सांगितलं. रजिस्टरातल्या खुणेचंही सांगितलं. मी बराच वेळ बोललो. ते पंपाच्या जाळीवरची माती ब्रशनं काढत ऐकत होते.

“म्हणजे मायक्रॉनच बदलला म्हणतो?”

“हो, थोडासा.”

“माहं बोट नाही बदललं.” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “चिंधी म्या वापरली होती. खोटं कायले बोलू? धुतली होती, पण लुगडं ते लुगडंच. तिच्यानं झालं का तेलानं झालं, मलेबी नाही माहीत. रिटायर होयेपर्यंत इचार केला.”

“मलेबी नाही समजत, नामदेवभाऊ. तेच सांगाले आलो.”

“ते राहू दे.” ते माझ्याकडं वळले. “म्या तुले सांगतलं होतं का नाही, तेल कचकच लागते म्हणून?”

“सांगतलं होतं.”

“तवा तुले आठवत होतं?”

मी वहीकडं पाहिलं. वहीत याचं उत्तर नव्हतं.

“आठवत होतं.”

त्यांनी ब्रश उचलून त्यातली माती झटकली. आतून कपांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “मी इतकी वर्षं मनाले सांगत होतो, गजानन इसरला असन. दिवसाचे पन्नास रिपोर्ट लिहिते, कोणाकोणाचं ध्यानात ठेवन? घरीबी तेच सांगतलं. तुही वहिनी म्हणे, तो खोटं बोलला. म्या म्हटलं, नाही, आपल्याकडचा पोरगा हाय, इसरला.” त्यांनी कूलरची जाळी उचलली, पुन्हा ठेवली. “आता तं तेबी गेलं.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून होती की नको म्हणून, मला कळलं नाही. मी म्हटलं, नायर साहेब आता नाहीत, पण कारखान्याला लिहून देतो. त्यावर ते पहिल्यांदा थोडं हसले.

“कारखान्यात कोण वाचन आता? मी रिटायर, साहेब गेला, मिल नवी आली. तुले लिहाचंच असन तं मंडळाच्या अंकात लिही. जेथं हात धुऊन ये म्हणत होते तेथं. अन् हे मायक्रॉन-बियक्रॉन कमी लिही. लोक झोपतीन.”

वहिनी चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला नाही, बाजूच्या स्टुलावर ठेवला. मी घेतला.

मायक्रॉन त्यांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्तच लिहिले गेले. ते नसते तर मला काय सांगायचं आहे ते मलाही समजलं नसतं. तो कण तेलातून आला की चिंधीतून, हे मला आजही ठाऊक नाही. माझ्या मोजणीत किती बुडबुडे होते तेही ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी लिहून देतो.

त्या दिवशी प्रयोगशाळेत पंप नव्हता. व्हॅक्यूमच्या रकान्यातली खूण मी केली आणि ती खोटी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव भोयर माझ्या टेबलाशी आले, आणि तेल कचकच लागतं, अजून एक शिफ्ट फिरवू द्या, असं त्यांनी मला सांगितलं. दोनदा सांगितलं. चौकशीत मला ते आठवत होतं.